सोन्याचे नॅनोरॉड, लेझर आणि लहान गाठीचा शोध: प्रकल्प नोंदी

४ जून

प्रकल्प आजपासून सुरू. काय शोधायचंय ते आधीच स्वच्छ लिहून ठेवतो. सोन्याचे नॅनोरॉड, म्हणजे नॅनोमीटरांत मोजायच्या बारीक कांड्या, टोचल्यावर कर्करोगाची लहान गाठ फोटोअकॉस्टिक प्रतिमेत उठून दिसेल का? आणि दिसली, तर त्या उजळपणावर कितपत विसंबायचं? मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

तत्त्व असं: काही नॅनोसेकंदांचा लेझरचा झोत ऊतीवर पडतो. ज्या भागाने प्रकाश शोषला तो क्षणभर तापतो, प्रसरण पावतो आणि त्या धक्क्यातून अल्ट्रासाऊंडची लहर निघते. वीज चमकल्यावर मागून गडगडाट येतो तसंच हे. फरक इतकाच की इथे वीज आपण पाडतो आणि गडगडाट किती वेळाने पोचला त्यावरून तो कुठून निघाला ते काढतो. खंडित प्रकाशझोताने पदार्थातून आवाज निघतो हे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० मध्येच दाखवलं होतं. वैद्यकात मात्र ही कल्पना लेझर आणि संवेदनशील ट्रान्सड्यूसर (आवाजाची लहर टिपून तिचा विजेचा सिग्नल करणारं उपकरण) हाताशी आल्यावरच रुजली.

या पद्धतीचं बळ कशात आहे? प्रकाश ऊतीत शिरला की मिलिमीटरभरातच दिशा हरवून बसतो. आवाज त्यामानाने शेकडो पटींनी कमी विखुरतो. म्हणून ‘काय शोषतंय’ हे प्रकाशाकडून कळतं आणि ‘कुठे’ हे आवाजाकडून. तापमान तरी किती वाढायला हवं? शरीराच्या उष्णतेला अंशाचा एक हजारावा भाग वाढला तरी सुमारे ८०० पास्कल दाब तयार होतो, आणि तेवढा दाब ट्रान्सड्यूसर सहज टिपतो.

रक्तातलं हिमोग्लोबिन स्वतःच चांगलं शोषक आहे, त्यामुळे रक्तवाहिन्या काहीही न टोचता दिसतात. पण एक-दोन मिलिमीटरच्या गाठीला अजून स्वतःच्या रक्तवाहिन्या फुटलेल्या नसतात. नेमकी ती सापडायला हवी आणि नेमकी तीच आसपासच्या ऊतीत मिसळून जाते. तिथे बाहेरून शोषक न्यायला हवा. इंडोसायनिन ग्रीनसारखा रंग नेता येतो, पण सोन्याचा एक रॉड अशा एका रेणूच्या सुमारे दहा हजार पट प्रकाश अडवतो.

९ जून

साधे गोल कण का नकोत, हे गटात नव्याने आलेल्या विद्यार्थिनीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. सोन्याचे गोल नॅनोकण ५२० नॅनोमीटरच्या आसपास शोषतात, म्हणून त्यांचं द्रावण माणकासारखं लाल दिसतं. मायकल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये त्याचा अभ्यास केला होता. पण ५२० ला रक्तही जोरात शोषतं, त्यामुळे प्रकाश आत जातच नाही. ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ऊती बऱ्यापैकी पारदर्शक असतात. कण लांबट केला की त्याच्या लांबीच्या दिशेने इलेक्ट्रॉनांचं डोलणं मंदावतं आणि शोषणाचं शिखर त्या पट्ट्यात सरकतं. अंदाजासाठी एक सोपं सूत्र आहे: लांबी-रुंदीचं गुणोत्तर गुणिले ९५, अधिक ४२०. गुणोत्तर ४ असेल तर ८०० नॅनोमीटर.

८०० निवडायला आणखी एक कारण आहे. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन या तरंगलांबीच्या आसपास सारखंच शोषतं. म्हणजे रक्तातला ऑक्सिजन कमी-जास्त झाला तरी पार्श्वभूमी हलत नाही.

१२ जून

पहिली बॅच. काचेची सगळी भांडी अम्लराजाने धुऊन, भरपूर पाण्याने विसळून घेतली. जुन्या सोन्याचा कण चिकटून राहिला तर तोच बीज बनतो, म्हणजे नवं सोनं त्याच्यावरच वाढू लागतं.

बीजाचं द्रावण: सीटॅब (कणांना आकार देणारं साबणासारखं रसायन) ०.२ मोलर, त्यात क्लोरोऑरिक आम्ल (विरघळलेलं सोनं यातून येतं), मग बर्फात ठेवलेलं सोडियम बोरोहायड्राइड एका दमात, जोरात ढवळत. बोरोहायड्राइड पाण्याशी आपसूक विक्रिया करतं, म्हणून ते ताजं आणि थंडच लागतं. रंग लगेच पिवळट तपकिरी झाला. गुलाबी छटा आली असती तर बीजं मोठी झाली असं समजून ओतून द्यावं लागलं असतं.

वाढीचं द्रावण: सीटॅब, थोडं सिल्व्हर नायट्रेट, क्लोरोऑरिक आम्ल. रंग नारिंगी-पिवळा. ॲस्कॉर्बिक आम्ल घातलं आणि हलवलं की पाण्यासारखं स्वच्छ होतं. सोन्याच्या आयनावरच्या तीन धनभारांपैकी एकच उरतो, पण बीज मिळेपर्यंत धातू तयार होत नाही. त्यात बीजाचे १२ मायक्रोलिटर टाकले. दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही, मग हळूहळू तपकिरी-लालसर छटा गडद होत गेली. कितीदाही बघितलं तरी हे बघायला मला मनापासून आवडतं.

भांडं २७ ते ३० अंशांत ठेवलं. त्याखाली सीटॅबचे स्फटिक बसू लागतात.

१३ जून

स्पेक्ट्रम: मोठं शिखर ८०० च्या अगदी जवळ, छोटं ५१५ च्या आसपास. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली लांबी साधारण ४०, रुंदी १० नॅनोमीटर. मधे मधे गोल आणि चौकोनी कणही आहेत, पण थोडे. सूत्र आणि चित्र दोन्ही जुळतात.

२३ जून

सीटॅबची नवी बाटली उघडली आणि रॉड बनायचेच थांबले. कृती तीच, तापमान तेच, द्रावण मात्र लाल. ५३० ला एकच शिखर. म्हणजे नुसते गोळे.

हा प्रकार या क्षेत्रात ओळखीचा आहे. सीटॅबमध्ये आयोडाइडचा अंश राहिला असेल तर तो सोन्याच्या ठरावीक पृष्ठांवर चिकटतो आणि कण लांबीत वाढू देत नाही. दहा लाखांत काही भाग एवढंसं प्रमाणही पुरतं. बाटलीवरची ‘शुद्ध’ ही चिठ्ठी याबाबतीत काही सांगत नाही. जुन्या बाटलीतला उरलेला माल वापरून तीच कृती केली, तर रॉड व्यवस्थित आले. नवी बाटली परत पाठवली. आता प्रत्येक बाटली आधी एका लहान बॅचवर पारखायची आणि बॅच क्रमांक इथे नोंदवायचा.

२ जुलै

सीटॅबवर बोलायलाच हवं. रॉड घडवायला ते हवं, पण पेशींना ते विषारी आहे: कपडे मऊ करणाऱ्या द्रव्यांच्या जातीतला साबण, पेशीचं आवरण फाडतो. म्हणून सेंट्रिफ्यूज करून जास्तीचं काढलं आणि टोकाला थायॉल असलेलं पीईजी (पाण्यात विरघळणारं, लांब साखळीचं पॉलिमर) रात्रभर ढवळत ठेवलं. थायॉलमधलं गंधक सोन्याला घट्ट धरतं आणि सीटॅबची जागा घेतं.

धुण्याचा तोल सांभाळावा लागतो. कमी धुतलं तर पीईजीला जागा मिळत नाही. फार धुतलं तर रॉड उघडे पडून एकमेकांना चिकटतात, द्रावण करडं होतं आणि शिखर पसरट होऊन वाया जातं. यावेळी शिखर जसंच्या तसं राहिलं. पृष्ठभागावरचा मोठा धनभार उतरून जवळजवळ शून्यावर आला आणि मिठाच्या पाण्यातही कण स्थिर आहेत.

८ जुलै

फॅन्टम, म्हणजे ऊतीची नक्कल करणारा नमुना, तयार. अगारचा ठोकळा, प्रकाश विखुरण्यासाठी त्यात इंट्रालिपिड (दुधासारखं स्निग्ध द्रव्य), आणि २ सेंटीमीटर खोलीवर बारीक पारदर्शक नळी. नळीत आळीपाळीने पाणी, काळी शाई, रॉड. शाई आणि रॉड यांचं ८०० ला शोषण सारखं करून घेतलं, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

५ मेगाहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर लावला आहे. या वारंवारतेला लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर येते, म्हणजे मिलिमीटरच्या गाठीला पुरेशी बारीक. साध्या अल्ट्रासाऊंडमध्ये आवाज जाऊन परत येतो, इथे तो फक्त येतो. सेकंदाला सुमारे १,५०० मीटर या वेगाने २ सेंटीमीटरला १३ मायक्रोसेकंद. यंत्राच्या तयार प्रणालीत वेळ निम्मा करण्याची पायरी असते, ती काढली आहे ना हे तपासूनच सुरुवात.

गॉगलशिवाय खोलीत कोणीही नाही. ८०० नॅनोमीटरचा झोत डोळ्याला जेमतेम जाणवतो, म्हणून तो जास्त घातक.

११ जुलै

ऑसिलोस्कोपवर १३ मायक्रोसेकंदांना नेमका टोकदार वर-खाली आकार. पाण्याला सपाट रेघ. शाईला सिग्नल, रॉडला सिग्नल, दोन्ही जवळपास सारखे. खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे उजळले. मॅडमनी तेवढ्यात एकच गोष्ट सांगितली: “झोत देऊन झाल्यावर नळीतलं द्रावण काढून पुन्हा स्पेक्ट्रम घे. आधीचा आलेख शेजारी लाव.”

१५ जुलै

मॅडमनी हे का सांगितलं ते आज कळलं. या नोंदीवर वेळ घालवतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

झोताआधीचं शिखर ८०० ला, उंच आणि नीट. झोतानंतर ते बसकं झालंय, डावीकडे घसरलंय आणि ५२० चं छोटं शिखर वाढलंय. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर बरेच रॉड आखूड आणि जाडे झालेत, काही तर पार गोल. सोनं एरवी १,०६४ अंशांना वितळतं. पण दहा नॅनोमीटर रुंदीच्या कणाचे त्यामानाने बरेच अणू पृष्ठभागाजवळ असतात, आणि ते त्याच्या कितीतरी खालच्या तापमानालाच सरकू लागतात. लांबट आकार ही त्यांची आरामाची स्थिती नाहीच, गोलाकडे जायला ते टपलेलेच असतात.

सूत्रात घालून पाहा: गुणोत्तर ४ वरून ३ वर आलं की शिखर ८०० वरून ७०५ वर. म्हणजे ज्या तरंगलांबीला रॉड सर्वांत चांगला दिसतो, त्याच तरंगलांबीला तो सर्वांत लवकर बिघडतो. आपण बघतोय म्हणून तो बदलतोय.

आणि हे फार मोठ्या ऊर्जेला होत नाही. त्वचेसाठी ८०० नॅनोमीटरला एका झोताची सुरक्षित मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३२ मिलिज्यूल आहे. नुसत्या पीईजीचे रॉड त्याच्या बरेच खाली, काही मिलिज्यूललाच आकार सोडू लागतात. रुग्णाला सुरक्षित असलेला झोत रॉडला सुरक्षित नाही.

ऊतीत खोल जाता जाता ऊर्जा झपाट्याने कमी होते, त्यामुळे खोलवरचे रॉड वाचतील आणि वरवरचे बिघडतील. मग वरची गाठ अंधूक आणि खालची उजळ दिसली, तर ती गाठीतली तफावत आहे की रॉडांतली? सरासरी घेण्यासाठी आपण शेकडो झोत देतो. पहिल्या काही झोतांतच आकार बदलला असेल, तर उरलेले सगळे झोत वेगळ्याच पदार्थावर पडताहेत. प्रतिमा सुंदर दिसेल, पण तिच्यातले आकडे वाचता येणार नाहीत.

११ तारखेचा आलेख आता ‘सिग्नल मिळाला’ एवढ्यापुरताच धरायचा. त्यावरून मात्रा काढायची नाही.

२१ जुलै

सिग्नल नेमका कोण देतं, सोनं की पाणी? १० नॅनोमीटरच्या रॉडमधली उष्णता एका नॅनोसेकंदाच्या आतच बाहेर झिरपते, आणि आपला झोत ५ ते १० नॅनोसेकंदांचा आहे. म्हणजे झोत चालू असतानाच उष्णता भोवतीच्या पाण्यात उतरते. प्रसरण पावतं ते मुख्यतः पाणी.

हे तपासायची एक देखणी युक्ती आहे. ४ अंशांना पाण्याची घनता सर्वाधिक असते, तिथे त्याचं प्रसरण शून्य. नळी बर्फाने थंड करत नेली. साध्या रंगाच्या द्रावणाचा सिग्नल उतरत उतरत ४ च्या आसपास जवळजवळ नाहीसा झाला आणि त्याखाली उलटा वळला. त्याच तापमानाला रॉडचा सिग्नल मात्र थोडासा शिल्लक राहिला, आणि झोताची ऊर्जा वाढवली की तो प्रमाणाबाहेर वाढला. कारण रॉडला खेटून असलेलं पाणी ४ अंशांवर राहतच नाही, ते क्षणात बरंच तापतं आणि तापलेलं पाणी प्रसरण पावतं. यासाठी शुद्ध पाणीच वापरलं, कारण मीठ घातलं की ४ चा बिंदू खाली सरकतो.

यावरून दिशा मिळाली: रॉडभोवतीचा पहिला काही नॅनोमीटरांचा थर सगळं ठरवतो. बदलायचा असेल तर तोच बदलावा.

३ ऑगस्ट

सिलिकाचा थर चढवला. अल्कधर्मी द्रावणात टीईओएस (ज्यातून सिलिका तयार होते ते रसायन) थोडं थोडं, मधे वेळ देत. थर साधारण २० नॅनोमीटर, सगळीकडून सारखा. सिलिकाचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा जास्त, त्यामुळे शिखर थोडं उजवीकडे सरकलं. ते अपेक्षितच होतं. बाहेरून पुन्हा पीईजी लावावं लागलं, नाहीतर मिठाच्या पाण्यात सिलिकाचे कण गोळा होतात.

९ ऑगस्ट

तोच झोत, तेवढेच पल्स. पीईजीवाल्या रॉडचं शिखर पूर्वीसारखंच घसरलं. सिलिकावाल्यांचं जागेवर. ऊर्जा पायरीपायरीने वाढवत गेलो, तेव्हा बऱ्याच वरच्या पायरीला तेही हलू लागले, पण काम करायला पुरेसा पट्टा मोकळा मिळाला. कडक कवचात सोन्याला पसरायला जागाच नाही.

सिलिकाने सिग्नल काही पटींनी वाढतो, असंही प्रसिद्ध झालेलं आहे. सोन्याकडून पाण्याकडे उष्णता जाताना सीमेवर जो अडथळा असतो तो सिलिकामुळे कमी होतो, असं त्याचं स्पष्टीकरण. या वाढीबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि आमच्या मोजणीतली वाढ इतकी लहान आहे की तिच्यावर मी काही उभारणार नाही. आकार टिकला, हे मला पुरेसं आहे.

१९ ऑगस्ट

पेशी. स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे १५ ते २० टक्क्यांत एचईआर२ हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर प्रमाणाबाहेर असतं. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींपैकी एसके-बीआर-३ या पेशींत ते भरपूर, एमसीएफ-७ मध्ये कमी. रॉडवर एचईआर२ ला धरणारी प्रतिपिंडं बसवली.

एसके-बीआर-३ ठळक, एमसीएफ-७ फिके. पण तेवढ्यावर थांबलो नाही. एका थाळीत आधी सुटी प्रतिपिंडं घालून जागा भरून टाकल्या आणि मग रॉड सोडले, तर सिग्नल पडला. म्हणजे रॉड प्रतिपिंडामुळेच बसतात, नुसते चिकटत नाहीत. ही तुलना नसेल तर ‘लक्ष्यवेधी’ हा शब्द वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

उघडे रॉड पेशीने आत ओढले की पिशव्यांत दाटीवाटीने जमतात, जवळ आल्याने त्यांचं शिखर पसरतं आणि लांब तरंगलांबीकडे सरकतं. सिलिकाच्या कवचाने दोन रॉडांत अंतर राहतं, त्यामुळे हे सरकणं फारच कमी. हा फायदा मी आधी धरलाच नव्हता.

२७ ऑगस्ट

गटाची चर्चा, विषय शरीर. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून नॅनोकण तिथे साठतात. माएदा आणि मात्सुमुरा यांनी १९८६ मध्ये हे मांडलं आणि त्यावर पुढचं सगळं क्षेत्र वाढलं. पण २०१६ मध्ये दहा वर्षांचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणाऱ्या वाट्याचा मध्यक (मधोमधचा आकडा) फक्त ०.७ टक्के निघाला. बाकीचं मुख्यतः यकृत आणि प्लीहेत. मूत्रपिंडातून बाहेर पडायला कण साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान हवा. आपला सिलिकासकट रॉड त्याच्या कितीतरी पट. म्हणजे सोनं शरीरात दीर्घकाळ राहणार. उपचारासाठी नाही, नुसत्या तपासणीसाठी टोचायचं असेल तर हे ओझं हलकं मानता येत नाही.

आणि २० नॅनोमीटरचं कवच चढवून आपण कण आणखी मोठा केला, हेही तितकंच खरं. आकार टिकवला, पण प्रवास अवघड केला.

४ सप्टेंबर

रक्त आणि सोनं वेगळं काढण्याचं काम. अनेक तरंगलांबींना प्रतिमा घ्यायच्या आणि प्रत्येक ठिकाणचा आलेख ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन, ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन आणि रॉड या तिघांत वाटून टाकायचा. नळीत रक्त आणि रॉड मिसळून पाहिलं. सिलिकावाल्या रॉडना वाटणी नीट जमली.

मग मुद्दाम झोताने बिघडवलेले पीईजीवाले रॉड घातले, आणि निकाल काळजी करण्यासारखा आला. बिघडलेल्या रॉडचं शिखर ८०० कडून ७०० च्या दिशेने सरकतं. ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन ७५७ च्या आसपास छोटं शिखर देतं आणि त्या पट्ट्यात ऑक्सिजनयुक्तापेक्षा जास्त शोषतं. संगणकाला दोन्ही सारखेच वाटले. त्याने बिघडलेल्या सोन्याचा मोठा भाग ‘ऑक्सिजन नसलेलं रक्त’ म्हणून मोजला. गाठीत ऑक्सिजन कमी असणं ही डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाची खूण आहे, किरणोपचार किती लागू पडेल याचा अंदाज तिच्यावरून बांधतात. ती खूण वितळलेल्या सोन्यामुळे उमटली तर? म्हणून कुठल्याही अहवालात झोतानंतरचा स्पेक्ट्रम जोडलेला असायलाच हवा. आमच्या अहवालात तो पहिल्या आकृतीत राहील.

१० सप्टेंबर

पुढची दिशा ठरली: लहान रॉड. प्रकाश विखुरणं कणाच्या आकारमानाच्या वर्गाने वाढतं, शोषण आकारमानाच्या प्रमाणात. कण लहान केला की अडवलेला जवळजवळ सगळा प्रकाश शोषला जातो, आणि फोटोअकॉस्टिकला तेवढंच उपयोगी. आकारमानाच्या तुलनेत पृष्ठभागही जास्त, म्हणून उष्णता चटकन बाहेर पडते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात असे बारीक रॉड मोठ्यांपेक्षा झोताखाली जास्त टिकले आणि सिग्नलही जास्त मिळाला.

तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर धरली आहे. एनडी-याग लेझर ती थेट देतो, मधे तरंगलांबी बदलणारं उपकरण लागत नाही. रक्ताचं शोषण तिथे कमी, आणि त्वचेची मर्यादा १०० मिलिज्यूलपर्यंत जाते. पाणी थोडं जास्त शोषतं, ते गणितात धरावं लागेल. सूत्राने गुणोत्तर पावणेसातच्या आसपास येतं: रुंदी ८, लांबी ५४ नॅनोमीटर.

क्रम असा ठेवलाय: आधी नुसत्या पीईजीवर बॅच, मग झोताच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीनंतर स्पेक्ट्रम. शिखर टिकलं तर सिलिका टाळता येईल आणि कण लहानच राहील. घसरलं तर पातळ कवच, ५ नॅनोमीटरपासून सुरुवात. सीटॅबची पारखलेली बाटली बाजूला काढून ठेवली आहे.